सराव चाचणीचा आकडा काय सांगतो?

व्यवस्थापनाचे पदव्युत्तर शिक्षण घेण्यासाठी भारतीय व्यवस्थापन संस्था, म्हणजे आयआयएम, दरवर्षी कॅट नावाची प्रवेश परीक्षा घेतात. २०१५ मध्ये नागपूरला आयआयएम सुरू झाले आणि २०२३ मध्ये मुंबईच्या 'नीटी' या संस्थेचे रूपांतर आयआयएममध्ये झाले. त्यामुळे महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांचे या परीक्षेकडे आता अधिक लक्ष असते. २००९ पासून ही परीक्षा कागदावर न होता संगणकावर होते. साहजिकच तयारीही संगणकावर आणि मोबाइलवर गेली. वीस, तीस, पन्नास ऑनलाइन सराव चाचण्यांचे संच विकले जातात आणि विद्यार्थी ते विकत घेतात. दर रविवारी चाचणी द्यायची, पडद्यावरचे गुण पाहायचे आणि त्यावरून पुढच्या आठवड्याची मनःस्थिती ठरवायची, असा क्रम पडून गेला आहे.

ही तयारी करणारी मुले पाच-सहा वर्षांपूर्वी आपल्याच शाळेत गणित शिकत होती. सल्ला घ्यायला ती बहुधा जुन्या शिक्षकांकडेच येतात. म्हणून या चाचण्यांची विज्ञानाच्या पद्धतीने तपासणी करणे आम्हाला आवश्यक वाटते. आमचे म्हणणे थोडक्यात असे : शिकण्याचे साधन म्हणून सराव चाचणी उत्तम आहे, मापनाचे साधन म्हणून ती बेताचीच आहे, आणि नेमका तिचा बेताचा भागच सर्वांत मोठ्या अक्षरांत दाखवला जातो.

चाचणीने शिकणे होते

आधी श्रेय द्यायला हवे. 'परीक्षा घेऊन ज्ञान वाढत नाही, ते फक्त मोजले जाते' ही समजूत खरी नाही. अमेरिकेतील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये यावर एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. नंतर काहींनी तोच पुन्हा वाचला, तर काहींनी न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते : त्यांना ८१ टक्के आठवले, लिहून काढणाऱ्यांना ७५ टक्के. पण आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा चित्र उलटले. पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्केच आठवले, लिहून काढणाऱ्यांना मात्र ५६ टक्के. लिहून काढणाऱ्यांना 'हे बरोबर, ते चूक' असे कोणी सांगितलेही नव्हते. स्मरणातून माहिती ओढून काढण्याचा प्रयत्न हाच शिकण्याचा भाग असतो, असा याचा अर्थ.

ऑनलाइन चाचणीचा आणखी एक लाभ आहे. २०२४ च्या कॅटमध्ये तीन विभागांत मिळून ६८ प्रश्न होते. प्रत्येक विभागाला ४० मिनिटे होती आणि एका विभागाची उरलेली वेळ दुसऱ्याला वापरता येत नव्हती. अशा परीक्षेत कोणता प्रश्न सोडायचा हे ठरवणे ही स्वतंत्र विद्या आहे. पर्यायी प्रश्नाचे बरोबर उत्तर आले तर ३ गुण मिळतात, चुकले तर १ गुण वजा होतो. चार पर्यायांपैकी एक डोळे मिटून निवडला, तर चारदा अशा प्रयत्नात सरासरी एकदा ३ गुण मिळतील आणि तीनदा १ गुण जाईल; हाती शून्य. एक पर्याय खात्रीने बाद करता आला, तर मात्र तीन प्रयत्नांत ३ मिळून २ जातील. हाती १ गुण. जे प्रश्न पर्यायांशिवाय असतात, त्यांत चुकल्यास काही वजा होत नाही. महाराष्ट्राच्या एमबीए सीईटीत ऋण गुण नाहीत. तेथे कोरा सोडलेला प्रत्येक प्रश्न तोट्याचाच ठरतो. हे हिशेब वाचून कळतात, पण घड्याळ चालू असताना वापरण्याची सवय सरावानेच लागते. ती सवय लावण्याचे काम ऑनलाइन चाचणी चांगले करते.

एकाच क्षमतेचे अनेक गुण

आता गुणांकडे वळू. प्रयोगशाळेत कोणतेही मापन लिहिताना आपण त्यापुढे संभाव्य त्रुटीची मर्यादा लिहितो. लांबी १२.४ सेंटिमीटर, अधिक-उणे ०.१, असे. सराव चाचणीच्या पडद्यावर नुसते '८०' असे येते. अधिक-उणे किती, हे कोणी सांगत नाही. आपणच काढून पाहू.

समजा, एक विद्यार्थिनी प्रत्येक चाचणीत ४० पर्यायी प्रश्न सोडवते आणि तिच्या तयारीनुसार प्रत्येक उत्तर बरोबर येण्याची संभाव्यता ३/४ आहे. सरासरी ३० उत्तरे बरोबर येतील, १० चुकतील. गुण ९० वजा १०, म्हणजे ८०. पण प्रत्येक वेळी नेमकी ३० बरोबर येणार नाहीत. संभाव्यताशास्त्राप्रमाणे बरोबर उत्तरांच्या संख्येचे प्रमाण विचलन ४० × ३/४ × १/४ याच्या वर्गमुळाइतके, म्हणजे सुमारे २.७ येते. एक उत्तर बरोबरचे चूक झाले की ३ गुण जातात आणि वर १ वजा होतो, म्हणजे ४ गुणांचा फरक पडतो. म्हणून गुणांतील प्रमाण विचलन सुमारे ११. तयारीत काडीचाही फरक न पडता हिचे गुण एका रविवारी ६९ च्या आसपास आणि पुढच्या रविवारी ९१ च्या आसपास येऊ शकतात. तीनपैकी साधारण एका चाचणीत तर ते या दोन आकड्यांच्याही बाहेर जातील. प्रश्नपत्रिका सोपी-अवघड असणे, अपुरी झोप, मध्येच गेलेली वीज हे सारे आम्ही यात धरलेलेच नाही.

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. प्रत्येक विद्यार्थ्याने दोन नाणी एकत्र ४० वेळा उडवायची. निदान एक छाप आला तर उत्तर 'बरोबर', ३ गुण. दोन्ही काटे आले तर 'चूक', १ गुण वजा. निदान एक छाप येण्याची संभाव्यता ३/४ आहे, म्हणजे वर्गातले सगळे नेमके सारख्याच क्षमतेचे 'उमेदवार' झाले. तरीही पन्नासांच्या वर्गात एखाद-दुसरा १०० किंवा त्याहून अधिक गुण मिळवील आणि एखाद-दुसरा ६० किंवा त्याहून कमी. गुणांचा स्तंभालेख फळ्यावर काढावा आणि मग विचारावे : यांतला हुशार कोण?

याच प्रयोगाचा दुसरा भाग अधिक बोधप्रद आहे. ज्यांना सर्वांत कमी गुण मिळाले त्यांना थोडे रागवावे, ज्यांना सर्वांत जास्त मिळाले त्यांची पाठ थोपटावी आणि पुन्हा ४० वेळा नाणी उडवायला सांगावे. रागावलेल्यांची बहुधा 'प्रगती' होईल, कौतुक झालेल्यांची बहुधा 'घसरण'! फ्रान्सिस गाल्टन यांनी आईवडील आणि मुले यांच्या उंचीचा अभ्यास करून १८८६ मध्ये दाखवलेले सरासरीकडे परतणे ते हेच. नाण्यांना रागवून काही उपयोग नाही हे आपल्याला कळते. पण खराब गेलेल्या चाचणीनंतर लावलेल्या जादा तासाचे, किंवा नव्याने विकत घेतलेल्या संचाचे श्रेय आपण बिनदिक्कत देऊन टाकतो.

शंभरातले किती, पण कोणाच्या शंभरातले?

गुणांपेक्षा पर्सेंटाइलचा आकडा अधिक मनावर घेतला जातो. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. शंभरांपैकी ९० उमेदवार आपल्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे तो आकडा जितका आपला, तितकाच इतरांचाही असतो. २०२४ ची कॅट २ लाख ९० हजारांहून अधिक उमेदवारांनी दिली. एखादी सराव चाचणी त्यांतले थोडेच देतात, आणि ते थोडे चिठ्ठ्या टाकून निवडलेले नसतात. पैसे भरून घेतलेल्या संचात कसून तयारी करणारे अधिक असू शकतात. फुकट चाचणीत सहज डोकावणारेही बरेच असतील. कोल्हापुरातल्या एखाद्या नावाजलेल्या तालमीत आठवा असणारा मल्ल गावच्या जत्रेत पहिला येऊ शकतो. ताकद तीच, क्रमांक निराळा. तेव्हा सराव चाचणीतल्या ६२ पर्सेंटाइलवरून कोणी परीक्षेचा नाद सोडत असेल, किंवा ९७ वरून निर्धास्त होत असेल, तर दोघेही न मोजलेल्या गोष्टीवर निर्णय घेत आहेत. पहिल्याचे नुकसान अधिक गंभीर आहे. ज्याच्या आसपास ही परीक्षा दिलेले कोणी नाही, अशा लहान गावातल्या विद्यार्थ्याला पडद्यावरचा आकडा हाच एकमेव सल्लागार असतो.

'चूक' या शब्दात काय काय दडते

सर्वांत मोठी उणीव मात्र पुढे आहे. एक साधा प्रश्न घेऊ. एक मोटार दोन गावांमधले अंतर जाताना ताशी ४० किलोमीटर आणि येताना ताशी ६० किलोमीटर वेगाने कापते. सरासरी वेग किती? तीन विद्यार्थी ५० हा पर्याय निवडतात. पहिल्याला सरासरी वेग म्हणजे एकूण अंतर भागिले एकूण वेळ, हेच माहीत नाही. दुसऱ्याला ते माहीत आहे, पण येथे ते वापरायचे असे सुचले नाही. तिसऱ्याला सगळे कळत होते, त्याने घाई केली. तिघांच्या पडद्यावर एकच शब्द उमटतो : चूक. तिघांना द्यायचे औषध मात्र वेगवेगळे आहे.

त्या शब्दाखाली स्पष्टीकरण असते, ते बहुधा 'झटपट सूत्र' असते : दोन्ही वेगांच्या गुणाकाराची दुप्पट भागिले त्यांची बेरीज. उत्तर ४८. बरोबर आहे. पण पुढच्या चाचणीत हाच प्रश्न थोडा बदलतो : मोटार प्रवासाचा निम्मा वेळ ताशी ४० ने आणि निम्मा वेळ ताशी ६० ने जाते. सूत्र पाठ केलेला विद्यार्थी पुन्हा ४८ लिहितो आणि चुकतो. येथे वेळ समान आहे, अंतर नव्हे, उत्तर ५०. अंतर १२० किलोमीटर धरले तर जायला ३ तास, यायला २ तास, एकूण २४० किलोमीटर ५ तासांत, हा दोन ओळींचा विचार ज्याने एकदा केला, तो दोन्ही प्रश्नांत फसत नाही. झटपट सूत्राने वाचलेले वीस सेकंद असे महागात पडतात.

प्रकरणवार चाचण्यांचीही अशीच गोष्ट आहे. 'वेळ आणि अंतर, चाचणी ३' या शीर्षकातच कोणती रीत वापरायची ते सांगून टाकलेले असते. डग रोरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये घनाकृतींच्या घनफळांवर प्रयोग केला. एका गटाने एका प्रकारची गणिते सलग सोडवली, दुसऱ्याने चारही प्रकारांची सरमिसळ केलेली. सरावाच्या वेळी सलग सोडवणारे ८९ टक्के बरोबर होते, सरमिसळवाले ६० टक्केच. आठवड्यानंतरच्या परीक्षेत सलगवाले २० टक्क्यांवर आले, सरमिसळवाले ६३ टक्क्यांवर टिकले. सरावात दिसणारे भरघोस गुण आणि टिकणारे शिक्षण या दोन गोष्टी परस्परविरोधी असू शकतात, हे या आकड्यांवरून दिसते. विकणाऱ्याला मात्र भरघोस गुण दाखवणेच सोयीचे असते.

काय सुचवावे

चाचण्या बंद करा असे आमचे म्हणणे नाही. कमी द्या आणि अधिक वापरा, असे आहे. चाचणीला दोन तास लागतात. तिच्या चुका तपासायला निदान तेवढाच वेळ ठेवावा. त्यासाठी एक साधी वही करावी. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे चारपैकी एक खूण करायची : संकल्पना माहीत नव्हती, माहीत होती पण ओळखू आली नाही, वाचण्यात किंवा आकडेमोडीत घसरलो, हा प्रश्न सोडायलाच हवा होता. आठवड्याने तेच प्रश्न उत्तर न पाहता पुन्हा सोडवायचे. गुणांचा विचार करायचाच, तर आठ-नऊ चाचण्यांची सरासरी घ्यावी; नऊ चाचण्यांच्या सरासरीत वरच्या उदाहरणातली ११ गुणांची त्रुटी चारच्या आसपास येते. पडद्याची ओळख होण्यासाठी परीक्षेपूर्वी अधिकृत संकेतस्थळावर सराव चाचणी मोफत उपलब्ध असते. मागील परीक्षांचे खरे प्रश्नही मिळतात. त्यांच्यावर आधी घाम गाळावा, संच मागाहून विकत घ्यावा.

यात शिक्षकाचे काम कोणते? यंत्र 'चूक' म्हणते तेथे थांबते. तेथून पुढे 'का चुकले?' हा प्रश्न विचारायला माणूस लागतो. सल्ला मागायला आलेल्या विद्यार्थ्याला पर्सेंटाइल विचारू नये. वही मागावी, आणि शेवटच्या दहा चुका त्याच्याकडूनच समजावून घ्याव्यात. अर्ध्या तासात त्याची खरी स्थिती त्याला आणि आपल्याला, दोघांनाही कळेल.