बोबडे बोल कुणाच्या कानाने ऐकायचे?

मुलांच्या भाषेवर संशोधन करायचं ठरवलंत, की वाचनयादीत रोमान याकोब्सन यांचं १९४१ सालचं छोटं जर्मन पुस्तक येतंच. त्यातला दावा थोडक्यात असा: बाळ बडबडताना वाट्टेल ते ध्वनी काढतं, शब्द सुरू होताना ते बरेचसे गळून पडतात आणि मग ठरावीक क्रमाने परत येतात. प, म, आ आधी. जिभेच्या मागच्या भागाने निघणारा क नंतर.

वाचताना पटतं. आपल्याकडेही ‘काका’चं ‘ताता’ होतंच की! पण जरा थांबा.

पहिली अडचण बडबडीची. १९८५ साली मेरिलिन विहमन आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणं तपासली. मूल बडबडीत जे ध्वनी जास्त वापरतं, तेच त्याच्या पहिल्या शब्दांत दिसले. म्हणजे मध्ये दरी नाही, सलग वाट आहे.

दुसरी अडचण पुराव्याची, आणि मला ती जास्त गंभीर वाटते. याकोब्सन यांचा भर इतरांनी लिहिलेल्या रोजनिश्यांवर होता, म्हणजेच मोठ्यांना जे ऐकू आलं त्यावर. १९८० साली मॅकन आणि बार्टन यांनी इंग्रजी बोलणाऱ्या चार मुलांचे उच्चार यंत्राने मोजले. ‘ब’ आणि ‘प’सारख्या जोड्यांत मूल एका टप्प्यावर फरक करत होतं, पण तो इतका बारीक की मोठ्यांच्या कानाला कळतच नव्हता!

मीही हीच चूक केली. सुरुवातीच्या नोंदींत सरसकट ‘त’ लिहिला. एक आई म्हणाली, “अहो, तो ‘काका’ वेगळं म्हणतो आणि ‘ताट’ वेगळं.” मी हसून सोडून दिलं. पुढे सगळ्या नोंदी पुन्हा मोजायला दोन महिने गेले. काही ठिकाणी त्या बरोबर होत्या, काही ठिकाणी नव्हत्या.

ध्वनी ऐकून ओळखणं, मनात वेगळा ठेवणं आणि जिभेने काढणं, या तीन क्षमता आहेत. बर्को आणि ब्राऊन यांनी १९६० साली नोंदवलेलं मूल ‘फिश’ला ‘फिस’ म्हणायचं, पण मोठ्यांनी ‘फिस’ म्हटलेलं त्याला चालायचं नाही.

याकोब्सन जरूर वाचा. तपासून बघता येईल असा दावा त्यांनी मांडला, म्हणूनच तो खोडता आला. फक्त तुमच्या तक्त्यात ‘मुलाला क येत नाही’ असं लिहिण्याआधी बघा: यातली कोणती क्षमता तुम्ही खरंच तपासली आहे?