गिट गप्प बसतं तेव्हा

गिट नव्याने शिकणाऱ्या कुणालाही विचारा, सगळ्यात जास्त धास्ती कशाची वाटते? उत्तर बहुतेक वेळा एकच येतं: मर्ज कॉन्फ्लिक्ट. फाइल उघडावी तर मधोमध कोनांच्या खुणा, बरोबरच्या चिन्हांची रांग आणि तोच कोड दोनदा. माझी तक्रार मात्र उलटी आहे. कॉन्फ्लिक्ट दाखवणारं गिट निदान प्रामाणिक तरी असतं. खरी काळजी करावी ती काहीही न बोलता पार पडलेल्या मर्जची. आणि कॉन्फ्लिक्ट दाखवतानाही गिट एक महत्त्वाची गोष्ट दाखवत नाही.

आधी मर्ज कसं होतं ते पाहू. गिट तीन आवृत्त्या समोर ठेवतं: तुमची, दुसऱ्याची आणि दोन्ही ब्रँच जिथून फुटल्या ती, म्हणजे समान पूर्वज. पूर्वजाच्या तुलनेत एखादी ओळ एकाच बाजूने बदलली असेल तर तो बदल मुकाट घेतला जातो. दोन्ही बाजूंनी एकाच जागी वेगवेगळे बदल केले असतील तर गिट थांबतं आणि निर्णय तुमच्यावर सोपवतं. या सगळ्यात कोडचा अर्थ कुठेच येत नाही. गिटला पायथन कळत नाही, फोरट्रान कळत नाही, लाटेकमधला तुमचा प्रबंधही कळत नाही. त्याला ओळी कळतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्स कर्नलसाठी ते लिहिलं, तरी आज कुठल्याही विषयातला माणूस ते वापरू शकतो, ते याच अडाणीपणामुळे. त्याबद्दल माझा आक्षेप नाही.

आक्षेप आहे तो आपण त्यातून काढत असलेल्या अर्थाबद्दल. समजा, तुमच्या गटाचा रासायनिक गतिकीचा कोड आहे. एक फंक्शन संहतीचा १० पायाचा लॉग देतं. तो वापरणाऱ्या फाइल्स काळाविरुद्धच्या आलेखाचा उतार काढतात आणि त्याला २.३०३ ने गुणून वेगस्थिरांक मिळवतात. एका ब्रँचवर कुणीतरी ते फंक्शन नैसर्गिक लॉग देईल असं बदललं आणि असतील त्या सगळ्या फाइल्समधून २.३०३ काढून टाकलं. अगदी बरोबर काम. त्याच आठवड्यात दुसऱ्या ब्रँचवर तुम्ही एक नवीन फाइल लिहिली. तीत जुन्या पद्धतीने २.३०३ चा गुणाकार आहे. तेही बरोबर काम.

आता मर्ज करा. एकही ओळ एकमेकांवर आलेली नाही, त्यामुळे कॉन्फ्लिक्ट नाही. पण नवीन फाइलमध्ये वेगस्थिरांक २.३०३ पट मोठा येतो. खरं उत्तर मिनिटाला ०.१० असेल तर तुम्हाला ०.२३ दिसेल आणि अर्धायुकाल ६.९ मिनिटांऐवजी ३ मिनिटं निघेल. आलेखाची रेषा तेवढीच सरळ दिसते, आर-वर्गही तोच येतो. प्रोग्राम चालतो, आकडा अशक्य वाटत नाही आणि तो सरळ शोधनिबंधाच्या तक्त्यात जाऊन बसतो.

म्हणजे ‘कॉन्फ्लिक्ट’ हा शब्दच फसवा आहे. ओळी एकमेकांवर आल्या, एवढंच तो सांगतो. मतभेद आहे की नाही, हे सांगत नाही. दोघांनी इम्पोर्टच्या यादीत एकाच जागी एकेक ओळ घातली की कॉन्फ्लिक्ट येतो, खरं तर भांडण काहीच नसतं. आणि वरच्यासारखं खरं भांडण असतं तेव्हा सगळं शांत.

दुसरी तक्रार दाखवण्याच्या पद्धतीची. समजा, कॉन्फ्लिक्टमध्ये एका बाजूला ‘सीमा = ०.०१’ आहे आणि दुसऱ्या बाजूला ‘कटऑफ = ०.०५’. कुठली ओळ ठेवाल? पूर्वजात ‘सीमा = ०.०५’ होतं हे कळलं की कोडं सुटतं. एकाने किंमत बदलली, दुसऱ्याने नाव. उत्तर ‘कटऑफ = ०.०१’, आणि ते दोन्हीपैकी कुठल्याच बाजूला नाही! एडिटरमधली ‘हा बदल घ्या’, ‘तो बदल घ्या’, ‘दोन्ही घ्या’ ही बटणं इथे तिन्ही चुकीची आहेत.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सित आवृत्ती १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केली. तिथल्या संपादकांसमोर पाठभेदांनी भरलेली शेकडो हस्तलिखितं होती, पण मूळ पोथी नव्हती. ती त्यांना अनुमानाने शोधावी लागली. गिटकडे मूळ पोथी आहे, मर्जसाठी ते ती वापरतंही. पण तुम्हाला कॉन्फ्लिक्ट सोडवायला बसवतं तेव्हा मुळात ती दाखवतच नाही.

सोय आहे, पण ती आपली आपण चालू करावी लागते. ‘मर्ज डॉट कॉन्फ्लिक्टस्टाइल’ ही सेटिंग ‘डिफ३’ केली की दोन बाजूंच्या मध्ये पूर्वजही दिसतो. २०२२ च्या जानेवारीत आलेल्या २.३५ आवृत्तीपासून ‘झेडडिफ३’ हा आणखी आटोपशीर पर्याय आहे. नवशिक्याला ज्याची सगळ्यात जास्त गरज, ते फक्त जाणकारांच्या सेटिंगमध्ये का असावं? तीच गत ‘अवर्स’ आणि ‘देअर्स’ या नावांची. रिबेस करताना ती उलटी होतात: तुमचं स्वतःचं काम ‘देअर्स’ ठरतं.

पहिल्या तक्रारीवर मात्र सेटिंग नाही. दोन्ही ब्रँचवर टेस्ट वेगवेगळ्या पास झाल्या म्हणून भागत नाही. त्या मर्ज झालेल्या कोडवर पुन्हा चालवायला हव्यात. त्यातली एक तरी टेस्ट उत्तर आधीच माहीत असलेल्या कृत्रिम डेटावर असू द्या: ०.१० घालून तयार केलेल्या आकड्यांतून ०.१० च परत आलं पाहिजे. अशी टेस्ट तुमच्या नव्या फाइलसोबत असती, तर वरची चूक मर्ज केल्या केल्या पकडली गेली असती. आणि मर्जच्या आधी ‘गिट डिफ’ला दोन ब्रँचच्या नावांमध्ये तीन टिंबं देऊन बघा. फुटल्यापासून दुसऱ्या बाजूने काय काय बदललं, ते सगळं समोर येतं. कॉन्फ्लिक्ट येवो न येवो, ते एकदा वाचाच.