वऱ्हाडची छपरे आणि नवी चित्रकला

दिवाळी अंक घरात आला की मजकुराआधी मुखपृष्ठ पाहावयाचे, ही आपली जुनी रीत. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांनी महाराष्ट्राच्या घराघरांतले डोळे अशा मुखपृष्ठांवरच वाढवले. दलालांनी तर १९४५ साली 'दीपावली' हे स्वतःचे मासिकच काढले. दलालांविषयी मला आदर आहे. पण त्यांच्याच वयाच्या एका वऱ्हाडी चित्रकाराचे नाव आमच्या बुलढाण्याकडे कुणाच्या ओठी नाही, हे मात्र मनाला लागते.

हे चित्रकार म्हणजे हरी अंबादास गाडे. जन्म १९१७, अमरावती जिल्ह्यातले तळेगाव दशासर. शिक्षण नागपूरचे, आणि तेही विज्ञानाचे! १९४७ साली मुंबईत 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप' निघाला, त्यात सूझा, रझा, आरा, हुसेन व शिल्पकार बाकरे यांच्या जोडीला गाडे होते. हुबेहूब चित्रणाची मुंबईची शिस्त या मंडळींना नको होती, आणि बंगालची धूसर, हळवी पौराणिकताही नको होती. १९४९ च्या जुलैत त्यांचे प्रदर्शन मुल्कराज आनंद यांच्या हस्ते उघडले. पुढे लवकरच पांगापांग झाली. सूझा लंडनला गेले, १९५० साली रझा फ्रान्सला गेले, मागोमाग बाकरेही विलायतेस गेले. गाडे इथेच राहिले.

या साऱ्यांवर एक आरोप नेहमी होतो: ही पॅरिसची उसनवारी. उसनवारी होतीच, ती नाकारण्यात अर्थ नाही. निसर्गाच्या पसाऱ्यामागची बांधणी सेझान आयुष्यभर शोधत राहिला. १९०८ मध्ये ब्राकने दारे-खिडक्या नसलेली घरे एकावर एक रचली, तेव्हा एका टीकाकाराने त्यांना 'घन' म्हणून हिणवले आणि त्या हिणवण्यातूनच 'क्यूबिझम' हे नाव रूढ झाले. गाडे यांच्या घरांचे त्रिकोण-चौकोन याच कुळातले. पण तिफण कुणाकडून आणली यापेक्षा वावरात काय उगवले, हे पाहावे ना!

आमच्या जिल्ह्याला लागूनच अजिंठा आहे. तिथल्या भित्तिचित्रांतले डोंगर नीट पाहा. पेट्या रचाव्यात तसे ते ठोकळ्यांवर ठोकळे रचून काढले आहेत. ते पाहताना कुणी पॅरिसचे नाव काढीत नाही. आणि वैशाखातल्या भर दुपारी राजूर घाटाच्या माथ्यावरून खाली पाहिले, तर सावली नाहीशी झालेली असते, जवळ-दूर हा भेद पुसला जातो. उरतात ती कवेलूंची तांबडी छपरे, टिनांचे पांढरे लखलखते तुकडे, धाब्यांचे मातकट चौकोन आणि भोवती नांगरून पडलेली काळी वावरे. जणू सगळी एकाच पातळीवर, एकमेकांना चिकटून. गाडे यांचे निसर्गचित्र प्रथम पाहिले तेव्हा मला हेच आठवले. त्यांचा लाल आणि पिवळा शोभेसाठी येत नाही; तो अंगाला भाजतो. रझांच्या सुरुवातीच्या घरांतही अशीच रचना आहे, पण तिथे एक निश्चल शांतता आहे, जी पुढे बिंदूपर्यंत पोचली. गाडे यांच्या चित्रातली घरे तापलेली आहेत.

उणे काही नाही असे नव्हे. कधी कधी रचना इतकी चोख बसते की गावच बाहेर राहते. छपरे आहेत, पण खालून धूर निघत नाही. विहीर असावी असे वाटते, पण पाण्याला कुणी जात नाही. हुसेन यांच्या चित्रांतली माणसांची वर्दळ गाडे यांच्याकडे शोधून सापडत नाही. मला वाटते, त्यांचे नाव मागे पडण्याचे एक कारण हेही असावे. दुसरे कारण साधे आहे: परदेशी गेलेल्यांची कीर्ती तिथून परत येते, इथे राहिलेल्याची येणार कुठून?

गाडे २००१ साली वारले, रझा २०१६ साली. रझांच्या चित्रांच्या किमतींच्या बातम्या आता आमच्या तालुक्याच्या गावीही पोचतात. गाडे यांचे साधे छापील चित्रही मला इकडे कुठल्या भिंतीवर दिसलेले नाही. अस्सल चित्रे पाहायची तर मोठ्या शहरांतली संग्रहालयेच गाठायला हवीत. त्यासाठी मलकापूरला गाडी धरावी लागते. नागपूरहून मुंबईला जाणारी तीच लाइन, शेगाव-नांदुऱ्यावरून येणारी.