मिशिगनचा पाक, आकुर्डीचा हात

डेट्रॉईटच्या आसपास राहणाऱ्या आपल्या मंडळींत पिंपरी-चिंचवडचे लोक पुष्कळ, याचं कुणाला नवल वाटत नाही. गाड्यांच्या धंद्यातली माणसं गाड्यांच्या गावी येणारच. टेल्को, बजाज, पुढे चाकणचे कारखाने, तिथून नोव्हाय, ट्रॉय, कँटन, हा रस्ता आता चांगला रुळला आहे. येताना कुणी पुरणयंत्र आणलं, कुणी ढोल-ताशा आणला. त्यांच्याबद्दल स्मरणिकांतून लिहून येतं आणि यावंही. मला लिहायचंय ते ज्याला कधी स्टेज मिळत नाही अशा एका कसबाबद्दल: उकळत्या पाकाचा फेस ताब्यात ठेवणं आणि तो पाक बाटलीत स्वच्छ भरणं.

मार्चमध्ये इथे रात्री पाणी गोठतं, दुपारी वितळतं. याच दिवसांत मेपलच्या झाडातून रस वाहतो. झाडावर कळ्या फुगू लागल्या की रसाची चव बिघडते आणि हंगाम आटोपतो, म्हणजे साधारण गुढीपाडव्याच्या आगेमागे. अनिशिनाबे लोक युरोपातले गोरे इथे येण्याच्या कितीतरी आधीपासून हा रस आटवत आलेत. ही विद्या मुळात त्यांची. घरामागे मेपल असलेली आपली काही कुटुंबंही आता खोडाला भोक पाडून तोटी बसवतात, खाली बादली लावतात. हिशेब मात्र अंगावर येणारा आहे. या रसात जेमतेम २ टक्के साखर, त्यामुळे १ लिटर सिरपसाठी ४० लिटरच्या आसपास रस आटवावा लागतो. (हा उद्योग अंगणातच करावा. एवढ्या पाण्याची वाफ स्वयंपाकघरात कोंडली तर सिरपापेक्षा रंगारी महाग पडतो.)

हा लेख लिहावासा वाटला तो नोव्हायला मुलाकडे मुक्कामाला आलेल्या एका काकांमुळे. मूळचे पन्हाळ्याकडचे, लहानपण गुऱ्हाळावर गेलेलं आणि उभी हयात आकुर्डी-चिंचवडच्या मशीन शॉपांत. अंगणात गॅसच्या शेगडीवर मोठं पातेलं चढलेलं, थर्मामीटर लावलेला, आणि मुलगा मोबाइलवर काहीतरी वाचत उभा. काकांनी थर्मामीटरकडे बघितलंही नाही. ते बुडबुडे बघत होते. मोठे, पाणीदार बुडबुडे जाऊन बारीक, पिवळसर, एकमेकांवर चढणारे बुडबुडे यायला लागले, तसे म्हणाले, "आच कमी कर. आता हे उतू येणार." आणि आलंच.

गुऱ्हाळावर काहिलीतला रस तापला की मळी वर येते. भेंडीच्या खोडाचा चिकट रस घालून ती एकत्र गोळा करायची आणि झाऱ्याने काढून टाकायची. रस दाटला की मळीचा प्रश्न मिटतो आणि फेसाचा सुरू होतो. तेव्हा गुळव्या तेलाचे चार थेंब शिंपडतो, शेंगतेल नाहीतर एरंडेल, आणि काठापर्यंत चढलेला फेस बघता बघता खाली बसतो. तेल बुडबुड्याच्या पातळ पापुद्र्यावर पसरतं आणि तो फुटतो, एवढंच त्यातलं शास्त्र. काकवी १०५ अंशांच्या आसपास उतरवतात, गुळासाठी ११८ ते १२० पर्यंत जावं लागतं. मेपल सिरप १०४ अंशांना तयार होतं. गुळव्याच्या हिशेबात ती काकवीच झाली. इथले जुने शेतकरी पातेल्याच्या वर दोरीने डुकराच्या खारवलेल्या चरबीचा तुकडा टांगून ठेवत. फेस चढला की चरबीला टेकायचा आणि उतरायचा. हे ऐकून काका शाकाहारी असूनही खूश झाले. "डोकं आहे," म्हणाले.

पण काकांचं खरं शिक्षण पिंपरी पट्ट्यातलं, आणि फेसाशी त्या पट्ट्याचं जुनं नातं आहे. १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये पेनिसिलिनची बुरशी टाक्यांत वाढवत. त्या कामात टाकीत सतत हवा सोडावी लागते, आणि हवा आली की फेस आला. मशीन शॉपात तेच दुखणं कूलंटचं. टाकीतली पातळी खाली गेली की पंप हवा ओढतो. परतीचा पाइप उंचावरून टाकीत पडत असला की फेस, पाणी मऊ असलं की फेस. मग तो टाकीबाहेर येतो, शॉप फ्लोअर निसरडा होतो आणि सुपरवायझर डिफोमरचा कॅन शोधायला धावतो. काकांना ती धावाधाव आवडत नसे. परतीचा पाइप पातळीखाली बुडवा, म्हणजे डिफोमर लागतच नाही, हे त्यांचं म्हणणं. (कारखान्यातला डिफोमर स्वयंपाकात चालत नाही, हे सांगायची वेळ यावी असे इंजिनिअर आपल्यात आहेत म्हणून सांगून ठेवतो.)

बाटल्या भरायला घेतल्या तेव्हा हे शिक्षण उपयोगी पडलं. मुलाने लोकरी गाळणीतून सिरप गाळलं आणि लगेच पळीने उंचावरून बाटलीत ओतायला लागला. बाटलीच्या गळ्याशी दोन बोटं पांढरा फेस. "अरे, वरून कशाला ओततोस? धार भिंतीला लाव," काका म्हणाले. बाटली तिरकी धरली, धार आतल्या काचेवरून खाली सरकू दिली. फेस जवळपास झालाच नाही.

बाकीचंही त्यांनी असंच लावून दिलं. गाळलेलं सिरप झाकून थोडा वेळ तसंच ठेवायचं, ढवळायचं नाही. गाळताना अडकलेली हवा वर येते. मग खाली तोटी असलेल्या कॉफीच्या भांड्यातून भरायचं. फेस वर तरंगतो, तोटीतून नितळ सिरप येतं. बाटल्या गरम हव्यात आणि साबणाचा अंश नसलेल्या; साबण राहिला तर सगळी मेहनत वाया. सिरप ८२ ते ८५ अंशांना भरायचं. थंड सिरप घट्ट असतं, बुडबुडा त्यात अडकून बसतो. उलट ८८च्या पुढे तापवलं तर गाळून काढलेली बारीक रेव पुन्हा धरते आणि सिरप गढूळ होतं. बाटली जवळजवळ काठोकाठ भरायची, कारण फेस बसला की तिथे रिकामी जागा राहते, आणि बुरशीला तेवढीच जागा पुरते. झाकण लावल्यावर बाटली काही मिनिटं आडवी ठेवायची, म्हणजे गरम सिरप झाकणाला आतून लागून तेही निर्जंतुक होतं.

तेलाबद्दल माझं मत पक्कं झालंय: उकळताना अगदी थेंबभर, बाटली भरताना अजिबात नाही. बाटलीतलं तेल खवट होतं, वर तवंग दिसतो. लोण्या-तुपाचा थेंबही उकळताना काम करतो, पण बाटल्या वाटायच्या असतील तर घेणाऱ्याला दुधाची ॲलर्जी आहे का ते आधी विचारावं.

पन्हाळ्याच्या गुऱ्हाळावर शिकलेला हात आकुर्डीत कूलंटच्या टाकीवर चालला आणि आता मिशिगनच्या अंगणात चालतो आहे, याचं कौतुक त्या काकांना स्वतःला अजिबात नाही. त्यांना विचारलं तर ते बाटलीचा गळा उजेडात धरून दाखवतात, बस. आपल्या मंडळींत असे आणखी काका-काकू असतील, दरवर्षी सहा महिन्यांसाठी येणारे. यंदा त्यांना नुसतं मॉल दाखवू नका, पातेल्यापाशीही उभं करा. आणि पाडव्याला साखरेच्या गाठीबरोबर कुणी सिरपची बाटली हातात ठेवली, तर झाकण उघडल्यावर ती फ्रिजमध्येच ठेवा.