नभोवाणीवरील संवाद आणि त्याची छापील संहिता

नभोनाट्य आणि श्रुतिका यांना मराठी समीक्षेने, काहीशा संकोचाने का होईना, वाङ्मयप्रकार म्हणून मान्यता दिली. पत्रकार आणि इतिहासकार यांच्याशी नभोवाणीवरून होणारा संवाद मात्र केवळ 'कार्यक्रम' राहिला. तो छापला गेला की आपण त्यातील मतांची चर्चा करतो, रूपाची करीत नाही. प्रस्तुत लेखकाला ही उपेक्षा निरुपद्रवी वाटत नाही.

काही वर्षांपूर्वी उंब्रज परिसरातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना मी एक काम दिले होते. १९४३ ते १९४६ या काळातील सातारच्या प्रतिसरकारविषयी घरातील वृद्धांच्या ऐकीव आठवणी नभोवाणीवरील मुलाखतीच्या धर्तीवर ध्वनिमुद्रित करावयाच्या आणि नंतर उतरवून काढावयाच्या, असे त्याचे स्वरूप होते. ध्वनिमुद्रणात जवळजवळ सर्वत्र 'पत्री सरकार' ऐकू येत होते. लिखित उताऱ्यांत सर्वत्र 'प्रतिसरकार' होते. विद्यार्थ्यांच्या लेखी हे शुद्धलेखन होते. वस्तुतः तो अर्थनिर्णयनाचा, आणि माझ्या मते पुरावा पुसण्याचा प्रकार होता. 'प्रति' हा उपसर्ग सत्तेविषयी दावा करतो: ब्रिटिश सरकारच्या जागी दुसरे सरकार. 'पत्री' या शब्दात गुंडांच्या आणि खबऱ्यांच्या तळपायांना पत्रे ठोकल्याची वदंता आहे. दरारा आहे आणि, नाकारून चालणार नाही, थोडे समाधानही आहे. इतिहासकार पहिला शब्द उच्चारतो, गाव दुसरा. या दोहोंमधील ताण संवादात ऐकू येतो. छापील पानावर संपादक तो मिटवतो.

पत्रकाराचा प्रश्न कधीकधी इतिहासकाराच्या परिभाषेलाच हात घालतो. ७ जून १९४३ रोजी तुफान सेनेने शेणोलीजवळ पुणे-मिरज गाडी अडवून सरकारी पगाराची रक्कम ताब्यात घेतली. कुंडलचे कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड, यांच्याशी पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१६ मध्ये केलेल्या संभाषणात कॅप्टन भाऊंनी 'लूट' या शब्दालाच हरकत घेतली. इंग्रजांनी जनतेचा चोरलेला पैसा आपण परत आणला, असे त्यांचे म्हणणे. हे संभाषण नभोवाणीवरील नव्हे. परंतु समोरच्या माणसाने प्रश्नातील शब्द बदलून घेणे ही या प्रकाराची खरी शक्ती येथे स्पष्ट दिसते.

आकाशवाणीच्या परंपरेत या शक्तीला वाव बेताचाच होता. सांगली केंद्र १९६३ मध्ये सुरू झाले. त्याआधीपासून पुणे केंद्राच्या ग्रामीण कार्यक्रमांत माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर काम करीत होते. बोलीला माध्यमात प्रतिष्ठा मिळण्यास अशा लेखकांचा मोठा हातभार लागला. पण भाषण आधी लिहावयाचे, मंजूर करून घ्यावयाचे आणि मग 'बोलल्यासारखे' वाचावयाचे, ही रीत होती. तेथे संहिता आधी आणि आवाज नंतर असा क्रम होता.

उलट क्रमाचे विलक्षण उदाहरण मुंबईतील काँग्रेस रेडिओचे. १९४२ च्या ऑगस्टपासून १२ नोव्हेंबरच्या छाप्यापर्यंत उषा मेहता आणि त्यांचे सहकारी हे गुप्त केंद्र चालवीत होते. ते प्रक्षेपण आज आपल्याला वाचता येते, याचे कारण पोलिसांनी ते ऐकून उतरवून ठेवले होते. उषा ठक्कर यांच्या २०२१ च्या ग्रंथाचा आधार ही टिपणेच आहेत. शत्रूच्या लेखणीतून आलेल्या या संहितेला आपण कोणाची संहिता म्हणावयाचे?

या प्रश्नाला कायद्याचीही एक बाजू आहे. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितले. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक नभोवाणीची वाट मोकळी केली आणि म्हसवडच्या माणदेशी तरंगसारखी केंद्रे उभी राहिली. त्याच धोरणाने बातम्या आणि चालू घडामोडी यांना मज्जाव केला. पुढे सवलत मिळाली ती आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी ऐकविण्यापुरती. म्हणजे अशा केंद्रावर प्रतिसरकारवर इतिहासकाराशी तासभर बोलता येते, कालच्या ग्रामसभेवर पत्रकाराशी बोलणे मात्र अडचणीचे. माध्यम आणि समाज यांविषयीचे संवाद स्मरणरंजनाकडे झुकतात, याचे खापर केवळ निवेदकाच्या अभिरुचीवर फोडणे म्हणूनच अन्यायाचे आहे.

पुढच्या वर्गाला मी दोन्ही शब्द जसे ऐकू येतील तसे लिहावयास सांगितले, आणि विरामही नोंदवावयास. एका उताऱ्यात 'पत्री' या शब्दापुढे कंसात 'आजी हसतात' असे आले.