‘उचल्या’ आणि ‘झुंड’ : ठप्पा, कौशल्य आणि मुलांचा आत्मविश्वास

प्रस्तावना :

मुलांमध्ये आत्मविश्वास निर्माण करावयाचा असेल तर त्यांना एखादे कौशल्य पूर्णपणे आत्मसात करू द्यावे, हा विचार आज शिक्षणक्षेत्रात सर्वमान्य झालेला आहे. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली स्व-सामर्थ्याच्या जाणिवेची उपपत्ती मांडली. माणसाला स्वतःच्या क्षमतेचा विश्वास चार मार्गांनी मिळतो आणि त्यांपैकी स्वतः एखादे काम करून पाहून त्यात यश मिळवणे हा सर्वांत प्रभावी मार्ग होय, असे त्याचे प्रतिपादन आहे. आपल्यासारख्याने केलेले पाहणे, कुणी धीर देणे आणि मनाची-शरीराची त्या वेळची अवस्था हे उरलेले तीन मार्ग होत. ही उपपत्ती आपण अध्यापक महाविद्यालयांतून शिकवतो आणि कौशल्यविकासाच्या योजनांनाही तिचाच आधार असतो.

परंतु ज्या मुलाच्या जन्माबरोबरच समाजाने त्याच्याविषयी एक मत पक्के करून ठेवले आहे, त्याच्या बाबतीत ही उपपत्ती किती पुरते? चोराच्या जातीत जन्मलेल्या किंवा झोपडपट्टीत वाढलेल्या मुलाने कौशल्य मिळवले म्हणजे त्याच्यावरचा ठप्पा आपोआप पुसला जातो काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार दोन कलाकृतींच्या आधारे केला आहे. पहिली म्हणजे लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन (१९८७) आणि दुसरी म्हणजे नागराज मंजुळे दिग्दर्शित ‘झुंड’ हा हिंदी चित्रपट (२०२२). एक मराठवाड्याच्या मातीतील, तर दुसरी विदर्भातील नागपूरची. दोहोंमध्ये ३५ वर्षांचे अंतर आहे, माध्यम वेगळे आहे. पण प्रश्न एकच आहे.

ठप्प्याचे मानसशास्त्र :

ठप्पा हा केवळ इतरांच्या नजरेत राहत नाही, तो मुलाच्या हातापर्यंत पोहोचतो. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील ग्रामीण भागात शाळकरी मुलांवर एक प्रयोग केला. ३२१ उच्चजातीय आणि ३२१ कनिष्ठजातीय मुलांना कागदावरील चक्रव्यूह सोडवण्यास दिले. जातीचा उल्लेख झाला नाही तेव्हा दोन्ही गटांच्या कामगिरीत फरक आढळला नाही. मुलांची जात सर्वांसमक्ष जाहीर केल्यावर मात्र कनिष्ठ मानल्या गेलेल्या मुलांची कामगिरी लक्षणीयरीत्या घसरली. कौशल्य तेच, मूल तेच. बदलले ते फक्त भोवतालच्या माणसांना काय माहीत आहे एवढेच. अमेरिकेत क्लॉड स्टील आणि जोशुआ अॅरन्सन यांनी १९९५ साली याच्याशी मिळताजुळता विचार मांडला होता. त्या परिणामाच्या व्याप्तीविषयी अलीकडे मानसशास्त्रात बराच वाद आहे, हेही येथे नमूद केले पाहिजे. तथापि, भारतातील हजेरीपटावरचे आडनाव वर्गात मोठ्याने वाचले जाते तेव्हा काय घडते, हे ग्रामीण महाविद्यालयातील प्राध्यापकाला वेगळे सांगण्याची गरज नाही.

‘उचल्या’ : कौशल्य आहे, साक्ष नाही :

लक्ष्मण गायकवाड यांचा जन्म लातूर तालुक्यातील धनेगावचा. ब्रिटिश सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. स्वतंत्र भारतात १९५२ साली हा कायदा रद्द होऊन त्या जमाती विमुक्त झाल्या. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे ब्रिटिश मुलखाचा इतिहास येथे जसाच्या तसा लावता येणार नाही. परंतु गावात चोरी झाली की पोलिसांनी आधी उचल्यांच्या झोपड्यांत शिरावे, हा व्यवहार कायदा गेल्यानंतरही कसा चालू राहिला, याची नोंद या आत्मकथनात पानोपानी आढळते. आजोबांची पोलिसांकडे होणारी हजेरी, झडती, मारहाण या गोष्टी येथे अपवाद म्हणून येत नाहीत, तर घरातील रोजच्या कामासारख्या येतात.

या आत्मकथनाचा विचार करताना समीक्षकांचे लक्ष बहुधा दारिद्र्य, भूक आणि पोलिसी अत्याचार यांकडे गेलेले आहे. त्यात एक शिक्षणव्यवस्थाही वर्णिलेली आहे, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. खिसा कापण्यासाठी अर्ध्या ब्लेडचा वापर, गर्दीत हात कसा चालवावा, पकडले गेल्यावर मार कसा सोसावा आणि तोंड कसे उघडू नये, याचे रीतसर शिक्षण मुलांना दिले जाते. त्यात गुरू आहे, सराव आहे, परीक्षा आहे आणि उत्तीर्ण झालेल्याला जमातीत मानही आहे. बांडुराच्या भाषेत बोलावयाचे तर कौशल्यप्राप्तीचे सर्व घटक येथे उपस्थित आहेत. तरीही या मुलाच्या वाट्याला येणारा आत्मविश्वास वस्तीच्या हद्दीबाहेर चालत नाही. उलट, तो जितका कुशल होईल तितका समाजाचा त्याच्याविषयीचा ग्रह अधिक पक्का होतो. कौशल्य येथे ठप्प्याला छेद देत नाही, त्याला पुरावा पुरवते.

याच्या विरुद्ध बाजूला शाळा आहे. वडील मार्तंड मुलाला शाळेत घालतात. पुढे वस्तीतील मुलांना हगवण-उलटीची लागण होते, तेव्हा जमातीतील मंडळी त्याचा दोष लक्ष्मणच्या शाळेत जाण्याला देतात. कारण आजवर आपल्यातील कुणी शाळेत गेलेले नव्हते. हा प्रसंग या लेखाच्या दृष्टीने अतिशय महत्त्वाचा आहे. ठप्पा बाहेरून मारला जातो हे खरे. पण पिढ्यान्‌पिढ्या वागवल्यानंतर तो आतल्या माणसांनाही आपला धर्म वाटू लागतो. मुलाला दोन्हीकडून एकच सांगितले जाते : हे तुझे काम नव्हे. गावाच्या तिरस्काराइतकीच आपल्या माणसांची ही भीतीही मुलाच्या वाटेत उभी राहते.

आत्मकथनाच्या उत्तरार्धात लातूरच्या सूतगिरणीतील नोकरी, कामगारांची संघटना, मोर्चे आणि विमुक्तांसाठीचे कार्य येते. हा भाग अहवालासारखा झाला आहे, पूर्वार्धाची धग त्यात नाही, असा आक्षेप घेता येईल आणि तो निराधार नाही. प्रसंगांची गर्दी होते, माणसे नावापुरती उरतात. मात्र या उणिवेला दुसरी बाजू आहे. अर्ज लिहिणे, सभेत बोलणे, मागणीपत्र तयार करणे, अधिकाऱ्यासमोर उभे राहणे ही या उत्तरार्धातील कौशल्ये होत. ती सार्वजनिक आहेत, चारचौघांत वापरली जातात आणि त्यांना साक्षीदार असतात. ब्लेडचे कौशल्य लपवावे लागते. अर्जाचे कौशल्य सही करून द्यावे लागते. लेखकाच्या ठिकाणी आत्मविश्वास येतो तो या दुसऱ्या प्रकारच्या कौशल्यातून. ‘उचल्या’ हे पुस्तक हा त्याचा परमोच्च बिंदू होय. जो शब्द शिवी म्हणून वापरला जात होता तोच लेखकाने मुखपृष्ठावर शीर्षक म्हणून छापला आणि १९८८ साली त्या पुस्तकाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

या संदर्भात १८५५ साली ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झालेल्या मुक्ता साळवे हिच्या निबंधाचे स्मरण होते. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या चौदा वर्षांच्या या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिले. लिहिण्याचे कौशल्य मिळताच तिने पहिला प्रश्न आपल्यावरच्या ठप्प्यालाच विचारला. गायकवाडांचे आत्मकथन त्याच परंपरेतील आहे.

‘झुंड’ : मैदान, भिंत आणि पारपत्र :

नागपूर येथील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतील मुलांना फुटबॉलकडे वळवले आणि त्यातून २००१ साली ‘स्लम सॉकर’ ही चळवळ उभी राहिली. ‘झुंड’ची कथा त्यांच्या कार्यावर आधारलेली आहे. चित्रपटात विजय बोराडे हे पात्र अमिताभ बच्चन यांनी साकारले असून वस्तीतील मुलांच्या भूमिका बहुतांशी नवोदितांनी केल्या आहेत.

पावसात प्लॅस्टिकचा डबा लाथाडत खेळणारी मुले बोराडे यांना दिसतात. ते मुलांना चेंडू देतात आणि खेळण्याचे पैसे देतात. काही दिवसांनी पैसे बंद होतात, तेव्हा मुले फुकट खेळू द्या म्हणून दारात येतात. बक्षिसाकडून कौशल्याच्या गोडीकडे होणारा हा प्रवास दिग्दर्शकाने कोणतेही भाष्य न करता दाखवला आहे. पुढे महाविद्यालयाच्या संघाशी सामना होतो. महाविद्यालय आणि वस्ती यांच्यामध्ये एक भिंत आहे. ती चित्रपटाची मध्यवर्ती प्रतिमा आहे. आपण सर्व जण त्या भिंतीच्या आतल्या बाजूला नोकरी करतो, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

सामना जिंकला जातो. नेहमीचा क्रीडापट येथे संपला असता. ‘झुंड’चे वेगळेपण असे की त्याचा खरा प्रश्न विजयानंतर सुरू होतो. परदेशातील स्पर्धेसाठी पारपत्र हवे आणि पारपत्रासाठी माणूस असल्याचा कागद हवा. गोंड समाजातील मोनिका आणि तिचे वडील ओळखीच्या पुराव्यासाठी दारोदार हिंडतात. अंकुश ऊर्फ डॉन याच्या नावावर पोलिसांतील नोंद आहे, त्यामुळे त्याचे जाणे अडते. पायातले कौशल्य सिद्ध झाले आहे. परंतु दप्तरातला ठप्पा पायाकडे पाहत नाही. अखेरीस विमानतळावरील तपासणीत डॉनच्या खिशातील पाते बाहेर निघते आणि ते टाकून देऊनच त्याला पुढे जाता येते. ‘उचल्या’मधील अर्धे ब्लेड आणि हे पाते यांच्यात ३५ वर्षांचे अंतर असले, तरी दोन्ही ठिकाणी ती वस्तू मुलाने निवडलेली नसून परिस्थितीने त्याच्या हाती दिलेली आहे.

चित्रपटातील मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. मुलांच्या वतीने न्यायालयात बोराडे बोलतात. मुलांच्या वाट्याला मौन येते. उद्धारकर्त्या गुरूची प्रतिमा मोठी झाली की शिष्याचे कर्तृत्व त्याच्या छायेत जाते. त्याआधीच्या एका प्रसंगात मुले बोराडे यांच्या घरी बसून एकेक करून आपली हकिकत सांगतात. चित्रपटाच्या आशयाला न्यायालयातील भाषणापेक्षा तो प्रसंग अधिक जवळचा आहे, कारण तेथे गुरू ऐकतो. दुसरी मर्यादा मुलींची. त्यांच्या कहाण्या येतात, पण मैदानावरची त्यांची हुकमत मुलांइतकी दिसत नाही. ‘उचल्या’तही स्त्रियांचे कष्ट दिसतात, त्यांच्या शिक्षणाचा प्रश्न मात्र पुरेसा विस्तारत नाही.

कौशल्य कोणते आणि कोणासाठी :

या दोन कलाकृतींतून निघणारा विचार आजच्या धोरणालाही लागू पडतो. कौशल्यशिक्षण हे नेहमीच मुक्तिदायी असते असे नाही. १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारी यांनी अर्धा वेळ शाळा व उरलेला वेळ घरचा व्यवसाय शिकणे अशी प्राथमिक शिक्षणाची योजना आणली. पेरियार व इतरांनी ती जातीचे धंदे पुढे चालवणारी योजना म्हणून कडाडून विरोध केला आणि १९५४ साली ती मागे घ्यावी लागली. कुंभाराच्या मुलाला मडके घडवण्याचे कौशल्य देणे वाईट नाही. परंतु त्याला तेवढेच देणे म्हणजे ठप्पा अभ्यासक्रमात बसवणे होय.

हा इतिहास फार जुना झाला असे मानण्याचे कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निर्णय देताना तुरुंगात जातीनुसार कामे वाटून देणाऱ्या नियमांना घटनाबाह्य ठरवले. विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजणाऱ्या तुरुंग-नियमावलींतील तरतुदींवरही न्यायालयाने बोट ठेवले. म्हणजे कायदा रद्द झाल्यानंतर ७२ वर्षे तो ठप्पा सरकारी कागदात जिवंत होता.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मुळे पदवी अभ्यासक्रमात कौशल्याधारित विषय आले आहेत. हदगाव, हिमायतनगर, किनवट, माहूर या परिसरातील तांडे, वाड्या आणि गोंड-कोलाम वस्त्यांतून येणारी, घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयात पाऊल ठेवणारी मुले हे विषय निवडणार आहेत. तांड्यावरच्या मुलीला भरतकाम आणि शहरातील मुलाला संगणक, अशी वाटणी नकळत झाली तर आपणही भिंतच बांधत आहोत. तिने भरतकाम अवश्य शिकावे. पण त्याचे मोल ठरवणे, हिशेब ठेवणे, त्याविषयी लिहिणे आणि हवे असल्यास संगणकावर बसणे, हेही तिच्या निवडीचे असावे.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) कौशल्यप्राप्तीतून आत्मविश्वास निर्माण होतो हे खरे, परंतु तो टिकण्यासाठी त्या कौशल्याला सार्वजनिक साक्ष मिळावी लागते. ‘उचल्या’मधील लपवावे लागणारे कौशल्य आणि सहीने दिला जाणारा अर्ज यांतील फरक हेच दर्शवतो.

२) ठप्पा मनात असतो तसाच दप्तरातही असतो. मुलाचे मन बदलणारे शिक्षण दप्तर बदलण्याचे काम टाळू शकत नाही, हे ‘झुंड’मधील पारपत्राच्या प्रसंगांतून दिसून येते. जातीचा दाखला, रहिवासी पुरावा, शिष्यवृत्तीचा अर्ज यांसाठी विद्यार्थ्याला मदत करणे हा अध्यापनाचाच भाग मानला पाहिजे.

३) मुलाची ओळख वर्गात कशी उच्चारली जाते याचा त्याच्या कामगिरीवर परिणाम होतो. शिष्यवृत्तीधारकांची नावे वर्गात उभे करून वाचण्यासारख्या प्रथा बंद होणे आवश्यक आहे.

४) आतल्या माणसांची भीती दूर करण्यासाठी पालकांपर्यंत जावे लागेल. मार्तंडासारखा एक पिता तयार होतो, तेव्हा त्याला जमातीसमोर एकटे सोडून चालणार नाही.

५) गुरूने मुलांच्या वतीने बोलण्यापेक्षा मुलांना बोलण्याचे कौशल्य द्यावे.

लक्ष्मण गायकवाड यांना शाळा मिळाली ती अपघाताने, आणि बारसे यांना मुले दिसली तीही पावसामुळे. अशा योगायोगांवर विसंबणारी व्यवस्था मोजक्या मुलांच्याच उपयोगी पडते. उरलेल्या मुलांसाठी हे काम नेमाने, वर्षानुवर्षे करण्याची जबाबदारी ग्रामीण महाविद्यालयांची आहे.