सोंग आणि चेहरा

मूकपटांच्या जमान्यावर लिहायला बसले की आपण बहुधा नटनट्यांची नावे आणि त्यांचे पगार मोजत राहतो. मला मात्र निराळाच प्रश्न पडतो. पडद्यावरच्या देवाला हात जोडणारा प्रेक्षक नटाचे नाव केव्हा विचारू लागला?

आमच्या वांगणीकडे, जव्हार-मोखाड्याच्या मुलखात, बोहाडा होतो. मुखवट्यामागे कोण गडी नाचतो आहे हे साऱ्या गावाला ठाऊक असते. पण संबळ वाजू लागला की नमस्कार जातो तो सोंगालाच. दादासाहेब फाळके यांचा प्रेक्षक याच वृत्तीचा होता. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी स्त्री मिळेना, म्हणून उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये तर राम तेच आणि सीताही तेच! पडद्यावर राम दिसताच लोक हात जोडीत, असे सांगतात. साळुंके यांचे यश हेच की ते स्वतः दिसेनासे झाले.

दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये, 'कालियामर्दन' आला. हा चित्रपट आजही पाहायला मिळतो. त्याच्या आरंभी कृष्ण नाही; आहे तो फाळके यांच्या चिमुरड्या मंदाकिनीचा चेहरा. त्यावर भाव उमटतात, पालटतात, आणि मग ती कृष्णरूपात दिसते. आधी मुलगी, मग देव! मुखवट्याची दोरी इथे प्रथम सैल झाली, असे मला वाटते.

१९२७ च्या 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे'मध्ये ती पुरती सुटली. एके काळी टेलिफोन ऑपरेटर असलेल्या रूबी मायर्स, म्हणजेच सुलोचना, यांनी त्यात आठ भूमिका केल्या. साळुंके यांच्या दोन भूमिकांत नट विसरायचा होता. इथे आठही वेषांत सुलोचनेला ओळखण्यातच मौज होती. लोक आता कथेसाठी नव्हे, तिच्यासाठी तिकीट काढू लागले.

याला कोणी अधोगती म्हणेल. मी म्हणणार नाही. दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई 'मोहिनी भस्मासुर'मध्ये उतरल्या, तेव्हा कॅमेऱ्यापुढे उभे राहणे स्त्रीला लाजिरवाणे मानले जाई. तिथून स्त्रीचे नाव जाहिरातीत ठळक छापले जाण्यापर्यंतची मजल काही लहान नव्हे. तक्रार आहे ती एवढीच, की ओळखू येण्याचे मोल वाढले तसे विरून जाण्याचे मोल उतरले. सुलोचनेचे नाव अजून निघते. साळुंके यांचे किती जणांच्या ओठी आहे?

या दिवाळीत मुलांना जवळ घेऊन 'कालियामर्दन' जरूर पाहा. मात्र आरंभीची ती मुलगी पाहताना घाई करू नका. कृष्ण थोडा थांबेल.